कंपोस्टमधील विषारी क्रोमियम प्रयोगशाळेत कसे मोजावे

रोज शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्या किंवा वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असे मुंबई महानगरपालिकेने २०१७ मध्ये सांगितले. तेव्हापासून शहरात कंपोस्ट करणारे वाढले आणि ते तपासून मागणारेही वाढले. तपासणीच्या अहवालात जड धातूंच्या यादीत क्रोमियमचा एक आकडा असतो. हा आकडा जवळजवळ नेहमी एकूण क्रोमियमचा असतो. सोसायटीच्या चिटणिसांना किंवा गच्चीवर पालक-मेथी लावणाऱ्यांना मात्र त्यातले विषारी किती, हे हवे असते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत आणि दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकतेच प्रयोगशाळेत रुजू झालेल्यांसाठी ही दोन्ही मोजमापे पुढे क्रमाने दिली आहेत.

नेमके काय मोजायचे

कंपोस्टमध्ये क्रोमियम मुख्यतः दोन रूपांत आढळू शकते. त्रिसंयुजी क्रोमियम पाण्यात फारसे विरघळत नाही, सेंद्रिय पदार्थाला आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहते आणि त्याचा धोका तुलनेने कमी असतो. षट्संयुजी क्रोमियम, ज्याला प्रयोगशाळेत सगळे ‘क्रोम सिक्स’ म्हणतात, ते क्रोमेट किंवा डायक्रोमेट या ऋणभारित रूपात असते; ते पाण्याबरोबर सहज वाहते, पेशींत शिरते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

आपल्याकडील खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी क्रोमियमची कमाल मर्यादा ५० मिग्रॅ/किग्रॅ आहे आणि ती एकूण क्रोमियमची आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खतविषयक नियमावलीने सेंद्रिय खतासाठी षट्संयुजी क्रोमियमची स्वतंत्र मर्यादा कोरड्या वजनावर २ मिग्रॅ/किग्रॅ ठेवली आहे. म्हणजे ४५ आकडा आलेला नमुना आपल्या आदेशाप्रमाणे उत्तीर्ण ठरतो, पण त्यात क्रोम सिक्स शून्य आहे की पाच, हे त्या आकड्यातून कळत नाही. उलट ६० आकड्याचा नमुना नापास ठरूनही त्यात विषारी रूप अजिबात नसेल, असे होऊ शकते, आणि मुंबईत हे होण्याचे एक साधे कारण आहे. आपल्या पायाखालचा खडक बेसाल्ट आहे, बेसाल्टमध्ये क्रोमियम निसर्गतःच शंभर मिग्रॅ/किग्रॅच्या आसपास किंवा त्याहून अधिक असू शकते आणि कंपोस्टमध्ये बागेची माती किंवा रस्त्यावरची झाडलोट मिसळली की तो धातू नमुन्यात येतो. म्हणून आकडा पाहण्याआधी ढिगात काय काय पडले होते, हे विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली तर पुढचा बराच गोंधळ टळतो. कंपोस्ट हा क्षपणकारी पदार्थ आहे. त्यातील ह्युमिक आम्ले, अर्धवट कुजलेले पदार्थ आणि हवा न पोचलेल्या भागांतले लोह व सल्फाइड क्रोम सिक्सला इलेक्ट्रॉन देऊन त्रिसंयुजी करून टाकतात. शेतीच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, विश्लेषकाच्या दृष्टीने मात्र हीच अडचण आहे. कारण हेच क्षपण ढिगात झाले की बाटलीत झाले की तुमच्या बीकरमध्ये झाले, हे अंतिम आकडा सांगत नाही. मातीसाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी लावून ‘आढळले नाही’ असे लिहिणे त्यामुळे फार सोपे असते. ते लिहिण्याचा अधिकार कसा मिळवायचा, हाच या विश्लेषणाचा खरा अवघड भाग आहे.

ढिगाची चौकशी

नमुना घेण्याआधी दहा मिनिटे चौकशी करावी. धारावी आणि आसपासच्या चामड्याच्या कारखान्यांतून निघणारे कातडीचे तुकडे व भुसा यांत क्रोम टॅनिंगमुळे (क्रोमियमच्या क्षारांनी कातडी कमावल्यामुळे) भरपूर क्रोमियम असते, ते मुख्यतः त्रिसंयुजी असते. पण असे तुकडे जाळून त्यांची राख ढिगात मिसळली असेल तर परिस्थिती बदलते, कारण अल्कधर्मी राखेत तापताना त्रिसंयुजीचे षट्संयुजी होऊ शकते. वाळवीपासून संरक्षणासाठी तांबे-क्रोमियम-आर्सेनिकचे मिश्रण पाजलेल्या लाकडाचा भुसा कोरडा पदार्थ म्हणून वापरला असेल तर अहवालात तांबे आणि आर्सेनिकही सोबतच वाढलेले दिसतात. दुरुस्तीचा राडारोडा आला असेल तर सिमेंटमधून थोडे विद्राव्य क्रोम सिक्स येते आणि शिवाय ढिगाचा पीएच वाढतो, ज्यामुळे ते टिकून राहण्याची शक्यता वाढते. गणेशोत्सवानंतरच्या निर्माल्यात रंगाचे पापुद्रे, वर्ख आणि सजावटीचे साहित्य असते. जुन्या धाटणीच्या पिवळ्या रंगांत लेड क्रोमेट असू शकते आणि ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असल्याने साध्या पाण्याच्या अर्कात सापडत नाही.

नमुना घेणे

ढिगाच्या पृष्ठभागावरून मूठभर खत उचलून आणलेल्या नमुन्यावर कितीही महागडे यंत्र चालवले तरी उपयोग नाही. ढिगाच्या वेगवेगळ्या बाजूंनी आणि वरच्या, मधल्या व खालच्या थरांतून साधारण सारख्या प्रमाणात दहा ते पंधरा उपनमुने घ्यावेत, स्वच्छ प्लास्टिकच्या ताडपत्रीवर ते एकत्र कालवावेत, गोल पसरून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून उरलेले पुन्हा कालवावेत आणि साधारण एक किलो उरेपर्यंत हे करत राहावे. खुरपे किंवा चमचा प्लास्टिकचा असावा. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते आणि क्रोम मुलामा दिलेल्या हत्यारांबद्दल तर बोलायलाच नको.

इथे नमुन्याचे दोन भाग करावेत आणि त्यांच्या वाटा शेवटपर्यंत वेगळ्या ठेवाव्यात. पहिला भाग एकूण क्रोमियमसाठी; तो वाळवता येतो, दळता येतो, आठवडाभर कपाटात ठेवता येतो. दुसरा भाग क्रोम सिक्ससाठी. तो ओलाच, जसा आला तसा, झाकण घट्ट लावलेल्या पॉलिथिलीन किंवा काचेच्या बरणीत ठेवून बर्फाच्या पिशव्यांसह पेटीत घालून आणावा आणि प्रयोगशाळेत ४ अंश सेल्सिअसला ठेवावा. तो ओव्हनमध्ये वाळवू नये, कारण तापवताना दोन्ही दिशांनी गडबड होऊ शकते: सेंद्रिय पदार्थ क्रोम सिक्सचे क्षपण करतात आणि मँगनीज ऑक्साइड असेल तर ते त्रिसंयुजीचे ऑक्सिडीकरणही करू शकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ३०६०ए ही पद्धत माती व गाळासाठी नमुना घेतल्यापासून पाचनापर्यंत, म्हणजे रसायनांनी धातू द्रावणात उतरवण्यापर्यंत, ३० दिवसांची मुभा देते. कंपोस्टच्या बाबतीत मी ती मुभा घेणार नाही. ४ अंशालाही सूक्ष्मजीव पूर्ण झोपत नाहीत. नमुना आला त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पाचन उरकावे.

बरणी थंड करायला ठेवण्यापूर्वी नमुन्याचा पीएच आणि रेडॉक्स विभव (नमुना ऑक्सिडीकरणाकडे झुकतो की क्षपणाकडे, हे सांगणारा आकडा) दोन्ही मोजून वहीत लिहावे. या दोन आकड्यांचा उपयोग पुढे स्पाइकच्या, म्हणजे नमुन्यात मुद्दाम ज्ञात क्रोम सिक्स घालून ते किती परत मिळते हे पाहण्याच्या, वेळी होणार आहे, आणि तेव्हा ते नसले तर नंतर मोजून काही उपयोग नसतो. ओलाव्यासाठी वेगळे दहा-पंधरा ग्रॅम १०५ अंशाला स्थिर वजन येईपर्यंत वाळवावेत. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत नमुना तराजूवरही वजन बदलतो, म्हणून ओलाव्याचे आणि पाचनाचे वजन एकाच बैठकीत करावे.

भांडी, आणि प्रयोगशाळेतलेच क्रोमियम

नव्या माणसाला इथे ठेच लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. कंपोस्ट तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने मोजला जातो, आणि त्या पद्धतीचे मुख्य अभिकर्मक म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेट, अर्थात शुद्ध क्रोम सिक्स. एकाच ओट्यावर एकीकडे बाटल्या भरून डायक्रोमेट ओतले जाते आणि दुसरीकडे त्याच्या दशलक्षांश भागांचा शोध घेतला जातो. पिपेट, मोजपात्रे, धुण्याची टाकी, हातमोजे, सगळे वेगळे असले पाहिजे. शक्य असेल तर दिवसही वेगळा ठेवावा. क्रोमिक आम्लाने काच धुण्याची जुनी सवय अजूनही काही ठिकाणी टिकून आहे. या कामाची भांडी त्या मिश्रणाजवळही नेऊ नयेत. काचेचा पृष्ठभाग क्रोमेट धरून ठेवतो आणि ते हळूहळू सोडतो, त्यामुळे ब्लँक, म्हणजे नमुना न घालता चालवलेली चाचणी, कधी स्वच्छ आणि कधी गुलाबी असा लहरी वागू लागतो. भांडी फॉस्फेटविरहित साबणाने धुवून १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवावीत आणि डीआयोनाइज्ड पाण्याने अनेकदा विसळावीत.

नवी काच व अभिकर्मके घ्यायला मुंबईतल्या माणसाला प्रिन्सेस स्ट्रीट ठाऊक असतेच. फक्त अभिकर्मक घेताना विश्लेषण प्रतीचेच घ्यावे आणि प्रत्येक नव्या बाटलीचा ब्लँक चालवून पाहावा.

दळण्यासाठी स्टेनलेस स्टीलचा मिक्सर वापरू नये. अगेटचा खल सर्वांत चांगला. चाळणी नायलॉनच्या जाळीची असावी.

पहिले काम: एकूण क्रोमियम

एकूण क्रोमियम आधी मोजावे, कारण ते कमी निघाले तर क्रोम सिक्स त्याहून जास्त असू शकत नाही. एकूणच १ मिग्रॅ/किग्रॅ असेल तर युरोपीय मर्यादेचाही प्रश्न उरत नाही आणि पुढचे सगळे कष्ट वाचतात.

वाळवून बारीक केलेल्या नमुन्याचे सुमारे अर्धा ग्रॅम अचूक वजन करून मायक्रोवेव्ह पाचनपात्रात घ्यावे आणि त्यात १० मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल घालावे. झाकण लगेच लावू नये. कंपोस्टमधील सेंद्रिय पदार्थ आम्लाला भेटताच वायू सोडतात. पात्र फ्यूम हूडमध्ये उघडेच ठेवून फसफस शांत होऊ द्यावी आणि मग ते बंद करून १७५ अंशांपर्यंत न्यावे. मायक्रोवेव्ह नसेल तर हॉट प्लेटवर ९५ अंशांच्या आसपास आधी नायट्रिक आम्लाने आणि नंतर थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालत पाचन करता येते. त्याला वेळ लागतो आणि लक्ष द्यावे लागते, पण आकडे चांगले येतात. या पाचनाने सिलिकेटच्या आत अडकलेले किंवा क्रोमाइट खनिजातले क्रोमियम पूर्ण सुटत नाही. म्हणून अहवालात ‘आम्ल-पाचनाने मिळणारे एकूण क्रोमियम’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

मापनासाठी आयसीपी-ओईएस (प्लाझ्मात तापलेल्या धातूचा प्रकाश मोजणारे यंत्र) असेल तर २६७.७१६ नॅनोमीटरची रेषा सोयीची आहे. फ्लेम अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन असेल तर ३५७.९ नॅनोमीटर वापरावे. हवा-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीत लोह आणि निकेल क्रोमियमचा संकेत दाबतात, त्यामुळे नायट्रस ऑक्साइड-अ‍ॅसिटिलीनची ज्योत बरी, आणि ती पेटवणे-विझवणे अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच शिकावे. आयसीपी-एमएस (प्लाझ्मातले आयन वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की द्रावणात कर्ब उरला असेल तर आर्गॉन आणि कर्ब यांचा जोड नेमका ५२ या वस्तुमानावरच येतो, जिथे क्रोमियमचे मुख्य समस्थानिक आहे. असे जोड-आयन अडवणारा हेलियम कोलिजन सेल नसताना कंपोस्टसाठी ५२ वर विसंबू नये. स्वतःकडे यंत्र नसेल तर पवईच्या आयआयटीतील अत्याधुनिक विश्लेषण उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी किंवा एनएबीएल मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत द्रावण देता येते. मान्यतेच्या व्याप्तीत कंपोस्ट आणि क्रोमियम हे दोन्ही शब्द आहेत का, ते आधी पाहावे.

दुसरे काम: क्रोम सिक्स अल्कलीत उतरवणे

आम्लाने पाचन केले की सेंद्रिय पदार्थ क्रोम सिक्सला लगेच क्षपित करतात. म्हणून इथे आम्ल पूर्ण वर्ज्य, आणि पाचन अल्कलीत. ३०६०ए पद्धतीचे द्रावण साधे आहे: एका लिटरमध्ये २० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि ३० ग्रॅम सोडियम कार्बोनेट. ते पॉलिथिलीनच्या बाटलीत ठेवावे आणि वापरण्यापूर्वी पीएच ११.५ च्या वर आहे ना, हे तपासावे.

ओल्या नमुन्याचे २.५ ग्रॅम वजन २५० मिलिलिटरच्या भांड्यात घ्यावे, त्यात ५० मिलिलिटर पाचनद्रावण, सुमारे ४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड आणि अर्धा मिलिलिटर फॉस्फेट बफर घालावे. मॅग्नेशियम वगळण्याचा मोह होतो, कारण त्याने पांढरा गढूळपणा येतो. पण गरम अल्कलीत त्रिसंयुजी क्रोमियमचे हवेने ऑक्सिडीकरण होऊन खोटे क्रोम सिक्स तयार होऊ नये यासाठीच ते असते. न तापवता पाच मिनिटे ढवळावे, मग ९० ते ९५ अंशांवर निदान ६० मिनिटे सतत ढवळत ठेवावे. उकळू देऊ नये. थंड झाल्यावर ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून गाळावे.

मातीचा अर्क इथे फिकट पिवळा दिसतो, तर कंपोस्टचा कोऱ्या चहासारखा गडद तपकिरी. अल्कली ह्युमिक आम्ले विरघळवते आणि ती सगळी गाळणीतून पार होतात. पटल वारंवार तुंबते, तेव्हा आधी सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रव गाळणे सोयीचे. आता या अर्काचा पीएच नायट्रिक आम्लाने ७.५ च्या आसपास आणायचा असतो. आम्ल थेंबाथेंबाने, ढवळत, फ्यूम हूडमध्येच घालावे. कार्बोनेटमुळे कार्बन डायऑक्साइड जोरात निघतो, तपकिरी फेस भांड्याच्या काठापर्यंत चढतो, पीएच मीटरचा काटा बराच वेळ ९ ते १० च्या दरम्यान घुटमळतो आणि मग दोन-तीन थेंबांत एकदम खाली येतो. घाईत तो ७ च्या खाली गेला तर अल्कली घालून परत वर आणण्याचा प्रयत्न करू नये. आम्लाच्या क्षणिक संपर्कातही ह्युमिक पदार्थांनी क्रोम सिक्स खाल्लेले असू शकते. तो अर्क टाकून नवे पाचन लावावे. उदासीन करताना तपकिरी गाळ पडला तर पुन्हा गाळावे आणि शेवटी १०० मिलिलिटरपर्यंत भरावे.

रंग आणून मोजणे

डायफेनिलकार्बाझाइड आम्लद्रावणात क्रोम सिक्सशी गुलाबीसर जांभळा रंग देते आणि तो ५४० नॅनोमीटरला मोजतात. ही अभिक्रिया फार निवडक आहे: मॉलिब्डेनम आणि पारा बऱ्यापैकी जास्त असल्याशिवाय त्रास देत नाहीत, व्हॅनेडियम दहापटीहून जास्त असेल तर देते, लोह पिवळा रंग आणते. अभिकर्मक २५० मिलिग्रॅम घेऊन ५० मिलिलिटर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवावे, गडद बाटलीत ठेवावे आणि रंग बदलला की फेकावे.

मानक द्रावणासाठी १०५ अंशाला वाळवलेले १४१.४ मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट एका लिटरमध्ये विरघळवले की ५० मिग्रॅ/लि क्रोम सिक्स मिळते. त्यापासून ०.१ ते १.० मिग्रॅ/लि अशी पाच-सहा मानके करावीत आणि ती नमुन्यासारख्याच पाचनद्रावणातून, त्याच पीएचच्या वाटेने न्यावीत. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये १ मिग्रॅ/लि च्या मानकाचा अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला, त्याचे माप) ०.७ ते ०.८ च्या आसपास आला पाहिजे. फारच कमी आला तर अभिकर्मक जुने झाले आहे किंवा पीएच चुकला आहे.

अर्काचे ९५ मिलिलिटर घेऊन त्यात २ मिलिलिटर डायफेनिलकार्बाझाइड घालावे, विरल सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या आसपास आणावा, १०० पर्यंत भरावे आणि ५ ते १० मिनिटे थांबून मोजावे. मातीच्या अर्काला एवढे पुरते. कंपोस्टच्या अर्कात मात्र याच पायरीवर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक म्हणजे तपकिरी रंग स्वतःच ५४० ला प्रकाश शोषतो आणि आकडा फुगवतो. दुसरी म्हणजे पीएच २ ला ह्युमिक पदार्थ क्षपण करू लागतात आणि आकडा घटवतात. शिवाय ह्युमिक आम्लाचा काही भाग गाळ होऊन खाली बसतो आणि द्रावण गढूळ करतो. दोन चुका विरुद्ध दिशांच्या असल्यामुळे कधी कधी त्या एकमेकींना झाकतात आणि आकडा अगदी सभ्य दिसतो.

पहिल्या अडचणीवर उपाय आहे: त्याच अर्काचा दुसरा समान भाग घ्यावा, त्यात आम्ल घालावे पण डायफेनिलकार्बाझाइडऐवजी तेवढेच अ‍ॅसिटोन घालावे, तितकाच वेळ थांबून मोजावा आणि हा अ‍ॅब्सॉर्बन्स वजा करावा. गढूळ असेल तर दोन्ही भाग एकाच पद्धतीने सेंट्रिफ्यूज करावेत. वजा करायचा आकडा मूळ आकड्याच्या निम्म्याहून मोठा असेल तर मी त्या निकालावर विश्वास ठेवणार नाही. अशा वेळी आयन क्रोमॅटोग्राफीकडे वळावे. त्यात अर्क पीएच ९ ला म्हणजे अल्कधर्मी ठेवूनच स्तंभात जातो, क्रोमेट ह्युमिक पदार्थांपासून वेगळे होते आणि स्तंभाबाहेर आल्यावरच त्याला डायफेनिलकार्बाझाइड भेटते, त्यामुळे दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात. मुख्य स्तंभाच्या आधी बसवलेला गार्ड कॉलम मात्र कंपोस्टच्या अर्काने लवकर खराब होतो. त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

स्पाइक: या कामाचा कणा

क्रोम सिक्स सापडले नाही, असे म्हणण्याआधी ते असते तर सापडले असते, हे दाखवावे लागते. त्यासाठी पाचनापूर्वी नमुन्यात ज्ञात प्रमाणात क्रोम सिक्स घालून ते किती परत मिळते, हे पाहतात. १०० मिग्रॅ/लि चे १ मिलिलिटर द्रावण २.५ ग्रॅम नमुन्यात घातले की ती भर ओल्या वजनावर ४० मिग्रॅ/किग्रॅ होते आणि १०० मिलिलिटर अर्कात १ मिग्रॅ/लि येते. हा विद्राव्य स्पाइक. दुसरा स्पाइक अविद्राव्य, म्हणजे १० ते २० मिलिग्रॅम लेड क्रोमेटचा. तो पाचन खरोखर अविद्राव्य क्रोमेट बाहेर काढते आहे का, ते दाखवतो आणि त्याचा अर्क विरल करूनच मोजावा लागतो. दोन्हींची पुनःप्राप्ती ७५ ते १२५ टक्क्यांच्या दरम्यान असावी, अशी पद्धतीची अपेक्षा आहे. तिसरा स्पाइक पाचन झाल्यानंतर, उदासीन केलेल्या अर्कात, रंग आणण्यापूर्वी घालायचा. त्याची पुनःप्राप्ती ८५ ते ११५ टक्के हवी.

या तिघांना एकत्र वाचायला शिकावे. पाचनानंतरचा स्पाइक कमी आला तर क्षपण रंगाच्या पायरीवर होते आहे. आयन क्रोमॅटोग्राफी करावी किंवा अर्क विरल करून पाहावा. तो चांगला आला पण पाचनापूर्वीचा विद्राव्य स्पाइक ४० टक्केच परत मिळाला, तर नुकसान गरम अल्कलीत किंवा त्याही आधी, नमुन्याशी भेटताक्षणी झाले आहे. विद्राव्य चांगला आणि लेड क्रोमेट कमी, तर तापमान किंवा ढवळणे अपुरे पडले.

मधली स्थिती कंपोस्टमध्ये नेहमीची आहे, आणि तिथे नवीन विश्लेषक स्वतःला दोष देत तेच पाचन पुन्हा पुन्हा लावत बसतो. एकदा पुन्हा करावे, ते योग्यच आहे. दुसऱ्यांदाही तसेच आले तर वहीतला पीएच आणि रेडॉक्स विभव काढावे. विभव कमी असेल, फेरस लोह किंवा सल्फाइड आढळत असेल, सेंद्रिय कर्ब भरपूर असेल, तर नमुना स्वभावतःच क्रोम सिक्स टिकू देत नाही, असा निष्कर्ष काढायला आधार मिळतो. तेव्हा कमी पुनःप्राप्ती ही नमुन्याविषयीची माहिती ठरते आणि ती अहवालात जावी. याउलट विभव जास्त, पीएच ८ च्या वर, ढिगात राडारोडा किंवा राख, आणि तरीही पुनःप्राप्ती कमी, असे असेल तर ‘आढळले नाही’ लिहू नये. क्रोम सिक्स टिकेल अशी परिस्थिती आहे आणि आपली पद्धत ते पकडू शकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. अशा नमुन्यासाठी समस्थानिक विरलनाची पद्धत आहे, ज्यात त्रिसंयुजी आणि षट्संयुजी दोन्ही वेगवेगळ्या समस्थानिकांनी खूण करून त्यांचे परस्परांत होणारे रूपांतर हिशोबात धरतात. ती महाग आहे, तिला आयसीपी-एमएस लागते, आणि वाद कोर्टकचेरीपर्यंत जाणार असेल तरच तिचा खर्च परवडतो.

प्रत्येक बॅचमध्ये एक पद्धत-ब्लँक आणि एक दुहेरी नमुना असावा. दोन निकालांतला फरक २० टक्क्यांच्या आत असावा.

हिशोब

समजा २.५० ग्रॅम ओला नमुना घेतला आणि ओलावा ३८ टक्के आहे. कोरडे वजन १.५५ ग्रॅम. पार्श्वभूमी वजा केल्यावर मानकांच्या आलेखावरून ०.१२ मिग्रॅ/लि मिळाले. ९५ मिलिलिटरचे १०० केले होते, म्हणून १.०५३ ने गुणून ०.१२६ मिग्रॅ/लि. अर्क १०० मिलिलिटर, म्हणजे एकूण ०.०१२६ मिलिग्रॅम. ते ०.००१५५ किलोने भागले की कोरड्या वजनावर सुमारे ८.१ मिग्रॅ/किग्रॅ. पक्व, भुसभुशीत कंपोस्टमध्ये एवढा आकडा आला तर आधी पार्श्वभूमीचा रंग नीट वजा झाला का, हे पाहावे आणि मगच कुणाला फोन करावा. एकूण क्रोमियमच्या निकालाशीही तो ताडून पाहावा. भाग पूर्णापेक्षा मोठा निघाला तर कुठे तरी दूषण किंवा गणिताची चूक आहे.

शोधमर्यादाही याच वाटेने काढावी. द्रावणातली मर्यादा ०.०१ मिग्रॅ/लि असेल तर वरच्या वजनांना ती कोरड्या वजनावर सुमारे ०.७ मिग्रॅ/किग्रॅ होते. नमुना अधिक ओला असेल तर ती आणखी वर जाते, आणि पावसाळ्यात उघड्यावरच्या ढिगातून आलेल्या नमुन्यांत हे सर्रास होते. म्हणून प्रत्येक नमुन्याची मर्यादा स्वतंत्र काढावी.

अहवालात काय लिहावे

एकूण क्रोमियम आणि षट्संयुजी क्रोमियम दोन वेगळ्या ओळींत, दोन्ही कोरड्या वजनावर, पद्धतीच्या क्रमांकासह लिहावे. ‘शून्य’ हा शब्द वापरू नये, ‘०.७ मिग्रॅ/किग्रॅहून कमी’ असे लिहावे आणि त्याखाली तिन्ही स्पाइकची पुनःप्राप्ती, नमुन्याचा पीएच, रेडॉक्स विभव आणि नमुना घेतल्यापासून पाचनापर्यंत गेलेला वेळ द्यावा. सोसायटीला यातले अर्धे समजणार नाही हे खरे, पण दुसऱ्या प्रयोगशाळेने वेगळा आकडा दिला की हीच माहिती उपयोगी पडते. खत नियंत्रण आदेशाच्या मर्यादेशी तुलना फक्त एकूण आकड्याची करावी. क्रोम सिक्सचा आकडा ५० च्या मर्यादेपुढे ठेवून ‘उत्तीर्ण’ लिहिणे दिशाभूल करणारे आहे.

उरलेले द्रावण

डायक्रोमेटची मानके, स्पाइकची द्रावणे आणि वॉकली-ब्लॅकचा टाकाऊ माल सिंकमध्ये ओतू नये. तो हातमोजे आणि चष्मा घालून, फ्यूम हूडमध्ये, एका वेगळ्या जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवावा. पीएच २ ते ३ ला सोडियम मेटाबायसल्फाइट किंवा फेरस सल्फेट घालून नारिंगी रंग पूर्ण हिरवा होईपर्यंत क्षपण करावे, थेंबभर द्रावण डायफेनिलकार्बाझाइडने तपासून गुलाबी येत नाही याची खात्री करावी, मग चुन्याने पीएच ८ ते ९ वर नेऊन क्रोमियम हायड्रॉक्साइडचा गाळ बसू द्यावा. मेटाबायसल्फाइट आम्लात सल्फर डायऑक्साइड सोडते, तेव्हा हूडचा पंखा चालू असल्याशिवाय हे करू नये. लेड क्रोमेटचे अवशेष या कॅनमध्ये मिसळू नयेत. शिशासाठी वेगळी बरणी ठेवावी. वाळलेल्या गाळावर तारीख आणि ‘क्रोमियम हायड्रॉक्साइड’ असे लिहून तो धोकादायक कचऱ्याच्या नोंदवहीत चढवावा आणि तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राकडे अधिकृत वाहतूकदारामार्फतच पाठवावा.